सव्वानऊच्या आधी: वाचकांचे प्रश्न

रोज सकाळी सव्वानऊला शेअर बाजार उघडायच्या आधी मी एक छोटी नोंद लिहिते, थोडा बाजाराचा अंदाज आणि थोडं सकाळचं जे काही मनात असेल ते, पंधरा-सोळा वर्षं झाली हे चालू आहे, आणि त्यावर जे प्रश्न येतात ते महिन्यातून एकदा इथं घेते. 'कुठला शेअर घेऊ' असं विचारणाऱ्या सगळ्यांना एकच उत्तर, मी सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे, नोंदणी केलेली विश्लेषक नाही, त्यामुळे नाव सांगणार नाही, आणि उद्या सांगितलंच तर विकायचं कधी ते विचारायला तुम्ही परत मलाच पत्र लिहिणार. बाकीचे प्रश्न घेते.

प्रश्न: ताई, मी रोज साडेसहाला उठून आधी गिफ्ट निफ्टी बघतो. परवा १३० पॉइंट वर दिसत होता, म्हणलं आज गॅप अप नक्की. बाजार उघडला जेमतेम दहा पॉइंट वर. हे काय गौडबंगाल आहे, कोणी खेळवतंय का आपल्याला? (एक वाचक, नागपूर)

कोणी खेळवत नाही हो, तुमची वजाबाकी चुकतेय. गिफ्ट निफ्टी हा फ्युचर आहे, म्हणजे निफ्टी या निर्देशांकाचा पुढच्या तारखेचा सौदा, आणि तुम्ही त्याच्यातून आदल्या दिवशीचा साधा स्पॉट, म्हणजे प्रत्यक्ष बाजारातला, निफ्टी वजा केला असणार, बहुतेक जण तेच करतात. फ्युचर स्पॉटच्या थोडा वरच असतो कारण त्यात एक्सपायरीपर्यंतचं, म्हणजे तो सौदा संपण्याच्या तारखेपर्यंतचं, व्याज धरलेलं असतं. समजा निफ्टी २५,००० ला बंद झालाय, वर्षाला साडेसहा टक्के व्याज धरा, महिन्याचे झाले साधारण १३५ पॉइंट, डिव्हिडंडचा हिशोब धरला तर थोडे कमी. म्हणजे नवीन सिरीज, पुढच्या महिन्याचा फ्युचर, लागली की जगात कुठंही काहीही घडलेलं नसताना स्क्रीनवर शंभर-सव्वाशे पॉइंट वर दिसणारच, आणि एक्सपायरी जवळ येईल तसा हा फरक विरघळत जाणार. बघायचंच असेल तर आपल्याकडच्या निफ्टी फ्युचरचा, त्याच महिन्याचा, कालचा बंद भाव काढा आणि त्याच्याशी ताडून बघा. मग उरेल ते खरं.

पूर्वी हाच प्रकार सिंगापूरला चालायचा, ३ जुलै २०२३ पासून तो गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत आला, पण माझे एक जुने स्नेही अजून फोन करून 'सिंगापूर काय म्हणतंय' असंच विचारतात. रात्री पावणेतीनपर्यंत तो चालू असतो आणि सकाळी साडेसहाला परत सुरू. म्हणजे तुम्ही त्याच्या बरोबरच उठताय की, थोडा त्याला चहा घेऊ द्या.

आता वजाबाकी बरोबर केली तरी कळतं काय, तर बाजार कुठं उघडणार एवढंच, दिवस कसा जाणार ते नाही. १३ मार्च २०२० चा शुक्रवार मला अजून तसाच्या तसा आठवतो. बाजार उघडला आणि काही मिनिटांत दहा टक्के खाली, लोअर सर्किट, म्हणजे ठरलेल्या हद्दीइतका पडला की बाजारच थांबवतात ते, पाऊण तास ट्रेडिंग बंद. हाताला काहीतरी काम हवं म्हणून मी गवार निवडायला घेतली, अर्धा किलो गवार मी इतक्या मन लावून जन्मात कधी निवडली नव्हती. सव्वादहाच्या पुढं बाजार परत सुरू झाला, फिरला, आणि संध्याकाळी सेन्सेक्स चक्क १३२५ पॉइंट वर बंद झाला. ज्यांनी सकाळी घाबरून विकायचं ठरवलं होतं ते दुपारी डोक्याला हात लावून बसले. आणि मी काय शिकले, तर चुकीचं शिकले. दहाच दिवसांनी २३ मार्चला पुन्हा तसंच सर्किट लागलं, मी म्हणलं अरे हे तर ओळखीचं आहे, आता फिरणार, आणि थोडी खरेदी करून टाकली. नाही फिरला. त्या दिवशी सेन्सेक्स ३९३४ पॉइंट, म्हणजे तेरा टक्के, आपटून बंद झाला. दोन्ही दिवशी सकाळ सारखीच दिसत होती.

प्रश्न: तुमची नोंद वाचतो पण निम्म्या नोंदीत तुमचा चहा, तुमची गच्ची, रात्री झोप झाली का नाही, हेच असतं. आम्हाला त्याच्याशी काय करायचंय? बाजाराचं तेवढं मुद्द्याचं लिहा की. राग मानू नये. (एक वाचक, कोल्हापूर)

राग कशाला, तुमच्यासारखं पत्र वर्षातून चार वेळा येतं. पण खरं कारण सांगते. मध्ये एकदा घर आवरताना माझ्या जुन्या नोंदींच्या वह्या बसून वाचल्या, सहा-सात वर्षांच्या, आणि एक गोष्ट लक्षात आल्यावर मला जरा लाजच वाटली. ज्या दिवशी मी लिहिलंय की रात्री पाठ दुखत होती, झोप नाही, त्या दिवशी खाली बाजाराचा अंदाज 'कमजोर', 'सावध', 'वरच्या भावाला विक्री येईल'. आणि ज्या दिवशी लेकीचा फोन आला, पाऊस पडून गेला, मस्त उजाडलं, त्या दिवशी 'सपोर्ट भक्कम', 'खालच्या भावाला खरेदी'. आकडे तेच, अमेरिकेचा डाऊ निर्देशांक तोच, एफआयआयची, म्हणजे परदेशी गुंतवणूक संस्थांची, विक्री तेवढीच. म्हणजे मी बाजाराचा अंदाज म्हणून जे लिहीत होते त्यातलं निम्मं माझ्याच पाठीचं होतं! तेव्हापासून ठरवलं की लपवायचं नाही. बाजारावर लिहिणारे लोक तो शेअर स्वतःकडे आहे की नाही ते जाहीर करतात ना, तशी मी झोप झाली की नाही ते जाहीर करते. त्यावरून माझ्या अंदाजातलं किती वजा करायचं ते तुम्ही ठरवा.

आणि याची सगळ्यात महागडी पावती माझ्याकडे ४ जून २०२४ ची, लोकसभेच्या निकालाच्या दिवसाची, आहे. शनिवारी एक्झिट पोल आले होते, सोमवारी सेन्सेक्स अडीच हजार पॉइंट वर जाऊन ७६,४६९ ला बंद, माझं होल्डिंग सगळं हिरवंगार, मी खूश. मंगळवारी सकाळची नोंद माझ्यासमोर आहे, त्यात लिहिलंय, 'मस्त उजाडलंय, शेजारच्यांनी झाडाचे शेवटचे आंबे दिलेत, आज निकाल म्हणजे औपचारिकता.' औपचारिकता! दुपारी बारा-साडेबाराला सेन्सेक्स सहा हजार पॉइंट खाली होता, माझ्या ब्रोकरचं ॲप फिरणारं गोल चक्र दाखवत बसलं होतं, आणि जेव्हा ते उघडलं तेव्हा मी पहिलं काम काय केलं तर दोन चांगले शेअर खालच्या भावाला विकून टाकले, नुसतं काहीतरी केल्याचं समाधान मिळावं म्हणून. सेन्सेक्स बंद झाला ७२,०७९ ला, ४३८९ पॉइंट खाली. त्याच आठवड्यात शुक्रवारी सेन्सेक्स नव्या उच्चांकावर. आंबे मात्र गोड होते हो, ते नोंदीत बरोबर होतं.

तेव्हा चहा आणि गच्ची राहणार. तुम्ही दुसऱ्या परिच्छेदापासून वाचत जा.

प्रश्न: रात्री डाऊ ४०० पॉइंट पडला की सकाळी उठल्या उठल्या विकून मोकळं व्हावं का?

डाऊ आज चाळीस हजाराच्या बराच वर आहे, ४०० पॉइंट म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. पॉइंट ऐकू नका, टक्के बघा. शिवाय डाऊत कंपन्या फक्त तीस, आणि त्यात वजन ठरतं शेअरच्या भावावर, कंपनी किती मोठी त्याच्यावर नाही, त्यामुळे एकट्या महाग शेअरनं आपटी खाल्ली तरी अख्खा डाऊ पडल्यासारखा दिसतो. तुमच्याकडे आयटीचे शेअर असतील तर टेक कंपन्यांचं वजन जास्त असलेला नॅसडॅक तरी बघा. आणि विकायचं असेल तर डाऊमुळे नको, तुमच्या कारणानं विका.

प्रश्न: ताई, नाव छापू नका. वय २६, आयटीत आहे. रोज नऊ वीसला ऑप्शन घेतो, पहिल्या अर्ध्या तासात काय व्हायचं ते होऊन जातं, मग ऑफिस. आठ महिन्यांत १ लाख ४० हजार गेले. घरी माहीत नाही. पहाटे चारला जाग येते आणि मोबाईलवर अमेरिकेचे फ्युचर बघत पडून राहतो. रिकव्हर करायला सकाळची कुठली स्ट्रॅटेजी बरी? (एक वाचक, पुणे)

तू माझ्या मुलीपेक्षा लहान आहेस म्हणून अरे-तुरे करते. आधी तो रिकव्हर शब्द खोडून टाक. तुझे एक लाख चाळीस हजार कुठं गेले ते बाजाराला माहीत नाही आणि तो ते परत द्यायला बांधील नाही. पुढचा ट्रेड हा पुढचा ट्रेड आहे, पण तू रोज सकाळी मागचं ओझं घेऊन स्क्रीनसमोर बसतोस, म्हणून दहा हजाराच्या जागी तीस हजाराची पोझिशन घेतोस. चूक असेल तर सांग.

सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिलेत, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओत, म्हणजे फ्युचर-ऑप्शनच्या बाजारात, उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के लोकांचं नुकसान झालं, खर्च धरून सरासरी माणशी दोन लाखाच्या आसपास, आणि सगळ्यांचं मिळून १ लाख ८० हजार कोटींच्या वर. म्हणजे तू काही वेगळा वेडा नाहीस आणि तुझ्या हाती लागेल अशी गुप्त स्ट्रॅटेजीही कुठं ठेवलेली नाही.

आता नऊ वीसलाच का मार बसतो ते बघ. उघडताना सगळ्यांच्या पोटात गोळा असतो, रात्रीच्या बातम्या असतात, त्यामुळे प्रीमियममध्ये, म्हणजे ऑप्शनच्या भावात, भीती भरलेली असते. तू त्या फुगलेल्या भावाला कॉल, म्हणजे निफ्टी वर जाईल यावर लावलेला ऑप्शन, घेतोस, समजा ११० ला. वीस मिनिटांत भीती ओसरते, निफ्टी तुझ्या बाजूनं तीस-चाळीस पॉइंट जातो सुद्धा, आणि तू बघतोस तर कॉल १०८. दिशा बरोबर, पैसे गेले. हे तुझ्याबरोबर झालेलं आहे ना? त्यात एक्सपायरीचा दिवस असेल तर वेळच प्रीमियम खात असते, तू चहाचा कप उचलून ठेवेपर्यंत दोन रुपये गेलेले असतात. वर ब्रोकरेज, एसटीटी, एक्स्चेंजचा चार्ज, जीएसटी, घेताना विकताना मिळून. ब्रोकरकडून आठ महिन्यांचं प्रॉफिट-लॉसचं स्टेटमेंट डाऊनलोड कर, प्रिंट काढ, चार्जेसचा कॉलम वेगळा बेरीज कर. मोबाईलवर बघू नकोस, कागदावर बघ, पेन हातात घेऊन. एक लाख चाळीसमधले किती निफ्टीनं नेले आणि किती खर्चात गेले ते बघून तू स्वतःच गप्प होशील.

मग दोन कामं. ब्रोकरला सांगून एफ अँड ओ सेगमेंट बंद करून घे, तसं करता येतं. आणि इन्कम टॅक्सचं रिटर्न मुदतीत भर, हा तोटा त्यात दाखव. एफ अँड ओचा तोटा धंद्यातला तोटा धरतात, पगारातून वजा होत नाही, पण मुदतीत रिटर्न भरलं तर आठ वर्षं पुढं ओढता येतो. पोरं लाजेनं तो दाखवतच नाहीत आणि मग कधीकाळी नफा झाला की पूर्ण टॅक्स भरतात. हे सीएला विचार, सीएला लाजायचं नसतं, त्यानं याहून भयंकर बघितलेलं असतं.

घरी एका माणसाला तरी सांग. आईबाबांना लगेच जमत नसेल तर बहीण, मावसभाऊ, कोणीही. कर्ज काढलेलं असेल आणि तू ते मला लिहिलं नसशील तर तेही त्याच माणसाला. चार वाजता जाग येणं ही स्ट्रॅटेजीची अडचण नाही, लपवण्याची आहे. आणि तरीही झोप नाहीच आली तर महिनाभर वाट बघू नकोस, डॉक्टरकडे जा. तोपर्यंत चारला जाग आली की मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून गच्चीवर जा, त्या वेळेला सोसायटीत दूधवाला, पेपरवाला आणि कुत्री एवढेच जागे असतात, आणि तिघांपैकी कोणालाही निफ्टी कुठं उघडणार याची पडलेली नसते. पुढच्या महिन्यात मला लिही, नाव नको, काय झालं तेवढं.

प्रश्न: मी शिक्षिका आहे. तीन एसआयपी चालू आहेत. रोज नऊ वीसला स्टाफरूममध्ये ॲप उघडून बघते, बाजार लाल दिसला की पहिल्या तासावर मनच लागत नाही. थांबवून टाकू का? (एक वाचक, सातारा)

मॅडम, नऊ वीसला तुम्ही जे बघता ते कालचं असतं. म्युच्युअल फंडाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, दिवसातून एकदाच निघते, बाजार बंद झाल्यावर, आणि ती आपल्याला दिसते रात्री. म्हणजे सकाळी ॲपवर तुमच्या फंडाचा जो आकडा असतो तो कालच्या बंद भावाचा, आणि शेजारी जो निफ्टी लाल दिसतो तो आजचा, या दोघांचा अजून एकमेकांशी काही संबंध आलेला नाही. सकाळी पडलेला बाजार साडेतीनपर्यंत सावरला तर तुमच्या फंडाला ती पडझड दिसतसुद्धा नाही. आणि हप्त्याचे पैसे ज्या दिवशी फंडाच्या खात्यात पोचतात त्या दिवशीच्या एनएव्हीनं युनिट मिळतात, २०२१ च्या फेब्रुवारीपासून हाच नियम आहे, तुम्ही स्टाफरूममध्ये बघितलं म्हणून एकही युनिट कमी-जास्त होत नाही. पहिला तास पोरांना द्या.

थांबवायचं का, तर आधी हे सांगा की पैसे कधी लागणार आहेत. मुलाची फी दोन वर्षांत भरायची असेल तर ते पैसे इक्विटीत, म्हणजे शेअरच्या फंडात, नकोतच, बाजार लाल असो नाहीतर हिरवा. दहा-बारा वर्षांनी लागणार असतील तर मागचंच बघा. सप्टेंबर २०२४ मध्ये निफ्टी २६,२७७ ला गेला, मग ऑक्टोबर ते फेब्रुवारी सलग पाच महिने पडत राहिला आणि ७ एप्रिल २०२५ ला २१,७४३ पर्यंत आला, सतरा टक्के खाली. माझ्या ओळखीतल्या दोघींनी त्या फेब्रुवारीत एसआयपी बंद केल्या, एकीनं तर मला न विचारता आणि वर मलाच ओरडून. नोव्हेंबर २०२५ मध्ये निफ्टीनं तो जुना उच्चांक ओलांडला, पण मधल्या महिन्यांत जी स्वस्त युनिट मिळायची होती ती त्या दोघींना मिळाली नाहीत. गंमत म्हणजे त्याच काळात देशभरातून एसआयपीचे दर महिन्याला २५ हजार कोटींच्या वर येतच होते, म्हणजे तुमच्यासारखे बरेच जण न बघता भरत होते.

ॲप फोनमध्ये शेवटच्या पानावर नेऊन ठेवा, नाहीतर काढूनच टाका. वर्षातून दोनदा बघा, दिवाळीत आणि मेच्या सुट्टीत.

प्रश्न: नऊ वाजून दोन मिनिटांनी टीव्हीवर 'सेन्सेक्स हजार पॉइंट वर' असं झळकलं आणि सव्वानऊला काहीच नाही. असं कसं?

ते प्री-ओपन आहे. नऊ ते साधारण नऊ आठपर्यंत लोक ऑर्डर टाकतात, बदलतात, काढूनही घेतात, आणि भाव त्यानंतर ठरतो. नऊ दोनला थोड्याच ऑर्डर असतात, एखाद्यानं भलत्या भावाला टाकली की आकडा उडतो. लग्नाच्या मांडवात पहिले चार पाहुणे बघून किती पानं उठणार ते सांगण्यासारखं आहे ते. चॅनेलवाल्यांना कळत नाही असं नाही, त्यांनाही पट्टी चालवायचीच असते.

प्रश्न: एफआयआयनी काल तीन हजार कोटींची विक्री केली असं वाचलं की आज खाली जाणार असं धरायचं का? आणि उद्याच्या निफ्टीची रेंज कशी काढायची, सोप्या भाषेत. (एक वाचक, नाशिक)

पहिल्याचं उत्तर नाही. ती विक्री कालची आहे, तिचा भाव काल लागून गेला. आणि समोर देशी फंडांनी साडेतीन हजार कोटींची खरेदी केलेली असते तो आकडा बातमीत खाली बारीक अक्षरात असतो. एका दिवसाच्या आकड्यावरून काही धरू नका, महिनाभराचा कल बघा.

रेंजसाठी माझी युक्ती सांगते, त्यात भविष्य काही नाही, नुसता भागाकार आहे. इंडिया व्हिक्सचा, म्हणजे बाजार वर्षाच्या हिशोबानं किती टक्के हलेल याचा ऑप्शनच्या भावांवरून काढलेला, आकडा घ्या, १६ नं भागा. सोळा का, तर वर्षात ट्रेडिंगचे दिवस साधारण २५२ असतात आणि त्याचं वर्गमूळ सोळाच्या जवळ येतं. व्हिक्स १३ असेल तर आलं ०.८ टक्का, २५,००० च्या निफ्टीवर दोनशे पॉइंट. ऑप्शनवाल्यांच्या मते तीनातले दोन दिवस बाजार वर-खाली एवढ्याच हद्दीत राहील, असा त्याचा साधारण अर्थ. मार्च २०२० मध्ये हाच व्हिक्स ८० च्या वर गेला होता, तेव्हा भागून बघितलं तर दिवसाला पाच टक्के येत होते, आणि खरंच तसलेच दिवस होते ते. वर का खाली ते या भागाकारातून कळत नाही. मी पूर्वी सपोर्ट-रेझिस्टन्स, म्हणजे खाली कुठं टेकेल आणि वर कुठं अडेल, दोन्ही द्यायचे, आता सोडलं, कारण लोक फक्त त्यांना हवी ती बाजू वाचायचे.

प्रश्न: बाबा ७४ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. सकाळी आठपासून टीव्हीसमोर, बिझनेस चॅनेल, आवाज मोठा. आई वैतागली आहे. व्यवहार जवळजवळ करतच नाहीत, नुसते वहीत भाव लिहितात. डोक्याला त्रास नको म्हणून बंद करायला लावू का? (एक लेक, ठाणे)

अगं नको. वही काढून घेतलीस तर ते पुढं काय करतील, खिडकीतून सोसायटीच्या गाड्या मोजतील. आवाजासाठी त्यांना हेडफोन आणून दे, आईचा प्रश्न तिथंच मिटतो.

त्यापेक्षा दुसऱ्या गोष्टी बघ. त्यांच्या फोनमध्ये टिप देणारे व्हॉट्सॲप नाहीतर टेलिग्रामचे ग्रुप आहेत का, असतील तर शांतपणे सोबत बसून बाहेर पडा, 'बाबा तुम्हाला कळत नाही' हे वाक्य न वापरता. डीमॅटला नॉमिनी आहे का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कपाटात जुनी कागदी शेअर सर्टिफिकेटं आहेत का, त्या पिढीच्या बँकवाल्यांकडे हमखास सापडतात, साड्यांच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर विकून ट्रान्सफर करता येत नाहीत, आधी डीमॅट करावे लागतात, आणि सलग सात वर्षं डिव्हिडंड घेतला नसेल तर तो डिव्हिडंड आणि सोबत शेअरसुद्धा सरकारच्या आयईपीएफ फंडाकडे जातात. परत मिळतात, पण अर्ज आणि कागद बरेच, आणि ते बाबा सही करायला आहेत तोवर केलेलं बरं.

माझ्या सासऱ्यांची अशीच वही होती, लांब, लाल पुठ्ठ्याची, वाण्याकडे असते तसली. सकाळी पेपर आला की बारा कंपन्यांचे भाव त्यात उतरवायचे, शाईच्या पेननं, आणि शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात काहीबाही. ते गेल्यावर मी ती वाचली. 'पाऊस.' 'थोरली माहेरी आली.' 'दात काढला.' मला वाटतं माझ्या नोंदीची सवय तिथनंच आली, कोल्हापूरच्या वाचकांना हेही सांगून ठेवते. १९९२ च्या एप्रिलची पानं मी मुद्दाम काढून बघितली. २२ एप्रिलला सेन्सेक्स ४४६७ ला पोचला होता, त्या आठवड्यात अक्षर मोठं झालंय, आकड्यांखाली रेघा मारल्यात. हर्षद मेहताचं प्रकरण फुटलं आणि २८ एप्रिलला बाजार एका दिवसात बारा टक्क्यांच्या वर पडला. २९ तारखेला बाराही रकाने कोरे आहेत. शेवटच्या रकान्यात लिहिलंय, 'आज भाव लिहिले नाहीत. माळा साफ केला.'

तुझे बाबा तेव्हा चाळिशीत, बँकेत, ऐन नोकरीत असणार, आणि तो सगळा घोटाळा बँकांच्या पावत्यांवरच तर उभा होता, ज्यांना ते लोक बीआर म्हणायचे. एखाद्या सकाळी नऊच्या सुमारास चहा घेऊन त्यांच्या शेजारी बस आणि विचार, बाबा, त्या एप्रिलमध्ये तुमच्या शाखेत काय चाललं होतं? टीव्हीचा आवाज ते स्वतःच कमी करतील बघ.